आमचा पॅसेज, बोहेमियन इष्टाईल!

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. ही आमच्या घरातली 'शिफ्ट चेंज'ची वेळ. नवरोबा रात्रभर अमेरिकेतल्या क्लायंटचे सर्व्हर सांभाळून घरी येतो आणि मी हिंजवडीची बस पकडायला बाहेर पडते. संध्याकाळी पुन्हा तेच, फक्त उलट्या दिशेनं. मी आत, तो बाहेर. शनिवार-रविवार सोडले, तर आम्ही दोघं जागेपणी एकमेकांना भेटतो ते ना हॉलमध्ये, ना बेडरूममध्ये. आम्ही भेटतो पॅसेजमध्ये!

आता हा पॅसेज म्हणजे काय चीज आहे, ते सांगते. भाड्याचा वन बीएचके. दार उघडलं की बारा फूट लांब आणि तीन फूट रुंद असा बोगदा. डावीकडे हॉल, उजवीकडे बाथरूमची भिंत, टोकाला बेडरूम. खिडकी नाही. वर एक ट्यूबलाइट, तीही सुरू व्हायच्या आधी चारदा डोळे मिचकावणारी. आणि खाली? त्याचे ट्रेकिंगचे बूट, माझ्या सँडल्स, दोन हेल्मेट्स, रद्दीचा गठ्ठा, पाण्याचा वीस लिटरचा जार आणि 'कधीतरी परत करायची आहेत' अशी खोकी. परदेशी मासिकांत ज्याला 'हॉलवे' म्हणतात आणि जिथे फुलदाणी ठेवलेली असते, तो आमच्याकडे असा होता.

एका मंगळवारी मी त्याच बुटांना अडखळले. हेल्मेट पडलं, हातातला डबा उघडला आणि मटकीची उसळ थेट दारापर्यंत गेली. तो दमलेला, मला उशीर झालेला. मग काय, दोघांनीही बोलू नये ते बोलून घेतलं. पुढचे दोन दिवस आमचा संसार मोबाइलवर चालला. 'दूध आलंय.' 'गॅस बुक केला.' 'ओके.'

तिसऱ्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसल्यावर माझी ट्यूब पेटली. आम्हाला रोज एकमेकांसाठी मिळतात जेमतेम दहा मिनिटं, आणि ती आम्ही घालवतो घरातल्या सगळ्यात टुकार जागेत! सगळा पैसा आणि सगळी हौस हॉलवर. का? तर पाहुणे येतात म्हणून. पाहुणे महिन्यातून एकदा येतात हो. आम्ही रोज येतो.

ठरलं. पॅसेजचा मेकओव्हर करायचा. आणि तोसुद्धा बोहेमियन!

हे बोहेमियन काय प्रकरण आहे?

खरं सांगायचं तर मला तेव्हा त्यातलं फक्त 'बोहो' एवढंच माहीत होतं. रंगीबेरंगी कापडं, दोऱ्यांची झुंबरं, कुंड्या, पितळी वस्तू, म्हणजे बोहो. नवरोबाला मात्र पांढऱ्या भिंती हव्या होत्या. 'नऊ तास तीन स्क्रीन बघून येतो गं मी. घरात शिरल्या शिरल्या जत्रा नको,' हे त्याचं म्हणणं. मी जरा शोधाशोध केली आणि जे सापडलं त्यानं आमचं भांडणच मिटलं.

बोहेमिया हा आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रदेश. भटके रोमा लोक तिथूनच आले असावेत, अशा समजुतीनं फ्रान्समध्ये त्यांना 'बोहेमियन' म्हणायला लागले. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधल्या फाटक्या खिशाच्या चित्रकारांना आणि लेखकांना हेच नाव चिकटलं. आँरी म्युर्जे नावाच्या लेखकानं त्यांच्या गोष्टी लिहिल्या, १८५१ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि त्यावरूनच पुचिनीनं 'ला बोहेम' हा ऑपेरा रचला. १८९६ मध्ये तो इटलीतल्या तुरिन शहरात पहिल्यांदा रंगमंचावर आला. त्याच्या पहिल्याच अंकात हीरो थंडीनं कुडकुडतोय आणि शेकोटीसाठी स्वतःच्या नाटकाचं हस्तलिखित जाळतोय!

म्हणजे बघा, ज्या स्टाइलसाठी आज आपण दुकानात हजारो रुपये मोजतो, तिची सुरुवात कडकीतून झाली. सेट घ्यायला पैसे नाहीत, म्हणून हाताशी असेल ते वापरायचं. वाटेत मिळालेलं, कुणी दिलेलं, प्रवासातून आणलेलं. त्यामुळे काहीच मॅचिंग नाही, पण प्रत्येक वस्तू आपली.

आणि गंमत माहितीये? ज्या रोमा लोकांवरून हे नाव पडलं, त्यांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी भारतातूनच तिकडे गेले. हे भाषेवरून कळतं. रोमानी भाषेत पाण्याला 'पानी' म्हणतात, नाकाला 'नाख' आणि काळ्याला 'कालो'. आपल्या मालवणी माणसाला यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही!

पहिला प्रयत्न, पहिली माती

एवढं वाचूनही मी काय करावं? ऑनलाइन एक तयार 'बोहो कॉम्बो' मागवला! दोन झुंबरं, एक गोल आरसा, तीन फ्रेम्स. सगळं एकाच फिक्या बदामी रंगाचं. घरमालक काकांनी अकरा महिन्यांचा करार करतानाच बजावलं होतं, 'भिंतीला खिळे नकोत.' म्हणून चिकटवायचे हुक आणले आणि एका शनिवारी सकाळी नवरोबा झोपलेला असताना सगळं लावून टाकलं. म्हटलं, उठल्यावर सरप्राइज.

सरप्राइज अर्ध्या तासात मिळालं. धाडकन् आवाज झाला. हुक भिंतीचा डिस्टेंपर सोलून खाली आला होता आणि आरशाचे तुकडे पॅसेजभर झाले होते. मी मधोमध अनवाणी उभी. तो डोळे चोळत बाहेर आला. मला वाटलं, आता दुसरी फेरी. पण त्यानं काही न बोलता आधी माझ्या चपला आणून माझ्या पायाशी ठेवल्या आणि मग झाडू घेतला.

तुकडे गोळा करता करता तो म्हणाला, 'तू आणलेलं सगळं छान आहे. पण यातलं आपलं काय आहे?'

मुद्दा होता त्याच्या बोलण्यात. कॉम्बोतलं जे शाबूत होतं ते परत पाठवलं आणि आम्ही दोघं माळ्यावर चढलो.

आधी जमीन मोकळी

माळ्यावर काय सापडलं ते पुढे सांगते. त्याआधी सगळ्यात महत्त्वाचं काम केलं, ते म्हणजे पॅसेज रिकामा. तीन फुटांच्या जागेत सजावट नंतर, वाट आधी. आमचा नियम साधा होता. काहीही ठेवा, पण चालायला दोन फुटांपेक्षा कमी वाट उरता कामा नये.

जुन्या फर्निचरच्या दुकानात आम्हाला एक लाकडी बाक मिळाला. खोली फक्त दहा इंच, त्यामुळे सव्वीस इंचांची वाट शिल्लक राहिली. रंग उडालेला, एक पाय किंचित आखूड. पॉलिशपेपर मारला, पायाखाली रबराची चकती लावली, झालं काम. चपला-बूट बाकाखाली, हेल्मेट्स बाकाच्या टोकाला. रद्दी दर महिन्याला जाणार म्हणजे जाणार. पाण्याचा जार किचनमध्ये. नुसतं एवढं केलं आणि पॅसेज दुप्पट मोठा वाटायला लागला. अजून एक रुपयाचीही सजावट झालेली नव्हती!

टोपलीतला उजेड

दुसरं काम होतं दिव्याचं. आमचा पॅसेज दिवसाही अंधारा, त्यामुळे रंग, कापड, चित्रं यांचं काय दिसणार हे सगळं दिव्यावर अवलंबून. शिवाय नवरोबाला घरी आल्यावर तासाभरात झोपायचं असतं. झोपायच्या आधी लख्ख पांढरा उजेड डोळ्यांवर आला की झोप लांबते, हा त्याचा रोजचा अनुभव.

एलईडी बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. तो बघायची सवय लावा. ६५०० म्हणजे ऑफिससारखा पांढराफटक उजेड, २७०० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा उबदार. आम्ही २७०० चा, पाच वॅटचा बल्ब घेतला. शेड मात्र दुकानातली नाही. पुण्याच्या बुरुड आळीत गेलो आणि बांबूची एक पसरट टोपली घेतली. 'ही उलटी टांगून आत दिवा लावणार,' असं सांगितल्यावर टोपली विकणाऱ्या मावशी हसायलाच लागल्या. 'भाकरी कशात ठेवणार मग?' त्यांचा बिनतोड सवाल.

इलेक्ट्रिशियन दादांनी ट्यूबलाइटच्याच पॉइंटवरून वायर सोडून टोपली लटकवली. संध्याकाळी बटण दाबलं आणि भिंतींवर बांबूच्या विणीची जाळीदार सावली पडली. आम्ही दोघं दोन मिनिटं नुसते बघत उभे. एक लक्षात ठेवा, अशा शेडमध्ये एलईडीच वापरा. जुने बल्ब तापतात. आणि एलईडीसुद्धा बांबूला टेकता कामा नये.

रंगांची मात्र शिस्त

'बोहेमियन म्हणजे कुठलेही रंग' हा सगळ्यात मोठा गैरसमज. अरुंद जागेत सात रंग भरले की खरंच जत्रा होते. नवरोबाच्या 'पांढऱ्या'चा मान राखून आम्ही भिंती पांढऱ्याच ठेवल्या. बाकी सगळं तीन रंगांत: गेरूचा तांबूस, निळीचा निळा आणि हळदीचा पिवळा. वस्तू कुठूनही येऊ दे, तिच्यात या तिघांपैकी एक रंग हवा. त्यामुळे काहीच मॅचिंग नसूनही सगळं एकमेकांशी बोलतं.

जमिनीवर दोन फूट रुंदीची सतरंजी अंथरली. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच फरशी दिसते, त्यामुळे पॅसेज रुंद भासतो. सतरंजीखाली न घसरणारी रबरी जाळी घालाच. आणि सतरंजीनं पावलांचा आवाज कमी होतो, हा आमच्यासाठी बोनस. घरात कुणी ना कुणी कायम झोपलेलं!

माझी कॉलेजातली बंजारा भरतकामाची झोळी माळ्यावर सापडली. आरसे, कवड्या, चौकटीचौकटीची भरगच्च शिवण. झोळी फाटली होती, पण पुढचा भाग धडधाकट होता. तो चौकटीत ताणून बसवला. असं काही नवीन घ्यायचं असेल, तर शक्यतो करणाऱ्याच्या हातून घ्या. एखाद्या प्रदर्शनात बंजारा बाई स्वतः बसलेली असते, एखादा वारली चित्रकार डहाणू-जव्हारहून आलेला असतो. मोजून दोन प्रश्न विचारा. पुढे कुणी 'हे कुठलं?' विचारलं की तुमच्याकडे सांगायला काहीतरी असेल.

सासूबाई आणि वाकळ

आणि माळ्यावर सापडली ती गोधडी. सासूबाईंनी लग्नानंतर दिली होती. आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवून दिली ती दिलीच. ती उलगडली आणि मी उडालेच. नऊवारीचे तुकडे, चौकटीचे शर्ट, कुठे खाकी, आणि सगळ्यावरून समुद्राच्या लाटांसारखा धावदोरा. गेरू, निळा, पिवळा, सगळे रंग हजर! मी कराडला फोन लावला.

'आई, गोधडी भिंतीवर लावू का?'

पलीकडे शांतता. मग, 'अगं, वाकळ काय भिंतीला टांगतात? लोक म्हणतील, यांच्याकडे कपाट नाही वाटतं!'

मला वाटलं, संपला विषय. पण पुढच्या आठवड्यात सासूबाई स्वतःच आल्या. बाकावर बसल्या, टोपलीकडे बघितलं, हसल्या. मग गोधडी मांडीवर घेऊन एकेका तुकड्यावर बोट ठेवत गेल्या. 'हे माझ्या आईचं लुगडं. हा ह्यांचा पहिल्या नोकरीतला शर्ट. आणि ही खाकी बघितलीस? तुझ्या नवऱ्याची तिसरीतली चड्डी. झाडावरून पडून फाडली होती, मार खाल्ला होता.' नवरोबा दारात उभा राहून ऐकत होता. त्याच्याही कानावर हे पहिल्यांदाच येत होतं. बत्तीस वर्षांचा माणूस त्या खाकी तुकड्याला हात लावून बघत होता.

शेवटी परवानगी मिळाली, पण एका अटीवर. 'थंडीत खाली काढायची आणि पांघरायची. ती काय शोभेची वस्तू नाही.' मंजूर! म्हणून गोधडीला एकही खिळा मारला नाही. मागच्या बाजूनं वरच्या काठाला कापडाची पट्टी शिवून नळीसारखी जागा केली, तिच्यातून बांबूची काठी घातली आणि काठी हॉलच्या बाजूच्या भिंतीवरच्या दोन जुन्या हुकांवर टेकवली. हे हुक आधीच्या भाडेकरूंचे, त्यामुळे काकांची हरकत नाही. काठी उचलली की गोधडी दोन मिनिटांत मोकळी. तिचा भारही एका जागी न येता सगळीकडे सारखा वाटला जातो.

आणखी एक किस्सा. मोबाइलवर मी त्यांना दोऱ्यांच्या गाठींचं, कुंडी टांगायचं शिंकं दाखवलं. किंमत अठराशे रुपये. त्यांनी चष्मा वर केला. 'अगं, हे तर मॅक्रमे! लग्नाआधी मी क्लास लावला होता. झोपाळा केला होता अख्खा.' दुसऱ्या दिवशी रविवार पेठेतून सुती दोरी आली आणि दोन संध्याकाळींत शिंकं तयार. आता मनी प्लांट त्यात विराजमान आहे. शेजारी बाकाच्या टोकाला स्नेक प्लांट. दोन्ही कमी उजेडात तग धरतात, पण अजिबात उजेड नसेल तर कुठलंच झाड खूश नसतं. म्हणून आमच्याकडे कुंड्यांच्या दोन जोड्या आहेत. एक आठवडा पॅसेजमध्ये, एक आठवडा बाल्कनीत. त्यांचीही शिफ्ट ड्युटी!

हे विसरू नका

– बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर कापड किंवा कागद लावू नका. पावसाळ्यात ओल येते आणि बुरशी धरते. आम्ही तिथे फक्त पितळी ताटल्या लावल्यात.

– चिकटवायचे हुक हलक्या वस्तूंसाठीच. आरसा कधीही नाही. नवा आरसा आम्ही बाकावर उभा करून भिंतीला टेकवला आणि मागून तारेनं जुन्या खिळ्याला बांधला.

– आरसा दिव्याचा उजेड पकडेल असा ठेवा. अरुंद जागा मोकळी वाटते.

– चित्रं आणि फोटो यांचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचांवर, म्हणजे डोळ्यांच्या पातळीत येऊ द्या.

– कापडं असलेल्या अरुंद पॅसेजमध्ये मेणबत्त्या आणि पणत्या नकोत. दिवाळीत त्या दाराबाहेर.

– सगळं एका वीकेंडला संपवू नका. थोडी भिंत रिकामी ठेवा. पुढच्या ट्रिपमधून काहीतरी येणारच आहे.

खर्च म्हणाल, तर फोडलेला आरसा धरूनही कॉम्बोच्या दुप्पट झाला नाही, आणि त्यातला निम्मा बाकाचा. करार संपला की हे सगळं काढून दुसऱ्या घरी नेता येईल. भिंतीवर मागे राहील फक्त तो डिस्टेंपर सोललेला डाग. घरमालक काकांना तो दाखवून झालाय. ते म्हणाले, 'असू दे. पण ती टोपली कुठून आणली?'

नवरोबाची शिफ्ट बदललेली नाही. माझी बसही नाही. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तो आत येतो आणि मी बाहेर पडायच्या तयारीत असते. पण आता मी गजर दहा मिनिटं आधीचा लावते. बाकावर दोन कप चहा असतात. तो बूट काढतो, मी सँडल्स घालते, पाय समोरच्या भिंतीला टेकतात. मागे त्याची तिसरीतली चड्डी.

डिसेंबरात ती खाली उतरेल. तेव्हा भिंत दोन महिने रिकामी दिसेल. दिसू दे.